२०० चौरस फुटांचं घर कसं आखावं आणि कसं बांधावं

छोट्या घरांच्या फोटोत आपल्याला भुरळ पडते ती लाकडी अस्तराची, माळ्यावरच्या गादीची, खिडकीतल्या कुंडीची. पण असं घर टिकणार की कुजणार आणि त्यात सुखानं राहता येणार की वर्षभरात जीव गुदमरणार, हे फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी ठरवतात. भिंतीत शिरलेली वाफ कुठून बाहेर पडते? छप्पर आणि भिंत जिथे भेटतात तो सांधा कसा झाकलाय? सोसाट्याच्या वाऱ्यात पाया घराला धरून ठेवतो का? सकाळी दोघं एकदम उठली तर एकमेकांना ओलांडून जाता येतं का? हा लेख याच गोष्टींबद्दल आहे.

छोटं घर म्हणजे साधारण १०० ते ४०० चौरस फुटांचं, स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेलं स्वतंत्र घर. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत २०१८ साली अशा घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्यात माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला छोटं घर म्हटलं आहे. राहत्या जागेची उंची किमान ६ फूट ८ इंच, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची किमान ६ फूट ४ इंच, आणि राहता माळा किमान ३५ चौरस फुटांचा, ज्याची कुठलीही बाजू ५ फुटांपेक्षा कमी नाही, अशी मापं तिथे दिली आहेत. तुमच्याकडे नियम वेगळे असतील, पण याच्या खाली गेलात तर अंगाला त्रास होणार हे नक्की. पुढच्या सगळ्या हिशेबांसाठी एकच उदाहरण धरतो: बाहेरून २० फूट लांब, १० फूट रुंद, दोन माणसांचं घर.

परवानगी, आणि चाकं की जमीन

कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी स्थानिक प्रशासनाकडून तीन उत्तरं लेखी घ्या. राहत्या घराचं किमान क्षेत्रफळ किती लागतं? चाकांवरचं घर वाहन धरतात की इमारत? आणि सांडपाण्याची कोणती व्यवस्था मान्य आहे? बहुतेकांचं लक्ष पहिल्या प्रश्नावर असतं आणि घोडं अडतं तिसऱ्यावर. जागेवर मैलापाण्याची जोडणी नसेल आणि सेप्टिक टाकीला जागा नसेल, तर घर कितीही सुंदर आखलं तरी राहण्याचा दाखला मिळत नाही.

चाकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घर खरोखरच दर एक-दोन वर्षांनी हलवणार असाल तरच चाकं घ्या. रस्त्यावरून न्यायच्या घराची रुंदी युरोपात २.५५ मीटर आणि उंची ४ मीटरच्या आत लागते, अमेरिकेत साधारण साडेआठ फूट आणि साडेतेरा फूट. २.५५ मीटरमधून दोन्ही बाजूंच्या भिंतींचे १२-१२ सेंटिमीटर वजा केले की आत उरतात जेमतेम २.३ मीटर. एका बाजूला ६० सेंटिमीटरचा ओटा आणि मधे ९० सेंटिमीटरची वाट सोडली, तर समोर ८० सेंटिमीटर राहतात. तेवढ्यात बाक बसतो, पण बाक आणि टेबल दोन्ही बसत नाहीत. आपल्या उदाहरणातल्या घरात भिंती सहा-सहा इंचांच्या धरल्या तरी आत ९ फूट, म्हणजे सुमारे २.७४ मीटर मिळतात. ओटा आणि वाट तीच ठेवून समोर १ मीटर २० सेंटिमीटर उरतात. या ४० सेंटिमीटरांनी घराचा स्वभाव बदलतो. जमिनीवरचं घर मोठं करता येतं, त्याला ओसरी जोडता येते, आणि टायर, ब्रेक, सांगाडा यांवरचा खर्च इन्सुलेशनवर, म्हणजे भिंती-छपरातल्या उष्णता अडवणाऱ्या थरावर करता येतो.

आधी दिवस मोजा

नकाशाची सुरुवात खोल्यांपासून करू नका. आत्ता जिथे राहता तिथे दोन आठवडे नोंद ठेवा: किती वाजता कोण काय करतं, बसून की उभ्यानं, आणि त्याच वेळी दुसरा माणूस काय करत असतो. एक जण फोनवर बोलत असताना दुसरा झोपलेला असेल, तर तुम्हाला एक बंद होणारं दार हवं, मग घर कितीही लहान असो. रोज कणीक मळली जात असेल तर ओट्याचा दोन फूट मोकळा भाग हवा. पण पाहुणे वर्षातून चार वेळा येत असतील तर त्यांच्यासाठी खोली नको, घडीची गादी पुरते.

मग वस्तू. कपाट उघडून "कमी करायला हवं" असं म्हणण्यानं काही होत नाही. कपड्यांचा, भांड्यांचा, पुस्तकांचा, अवजारांचा प्रत्येकी ढीग करा आणि लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजून घनफळ लिहा. हा आकडा नकाशाइतकाच महत्त्वाचा असतो, कारण घरातल्या फडताळांचं घनफळ त्याहून थोडं जास्तच निघायला हवं. ते नसलं तर वस्तू वाटेत येतात, आणि छोट्या घरात वाट अडली की घर अडलं.

त्यानंतर विचारायचा प्रश्न असा, की यातलं काय घराच्या बाहेर जाऊ शकतं. वास्तुशिल्पी ल कॉर्बूझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी ३.६६ मीटर लांबी-रुंदीची आणि २.२६ मीटर उंचीची झोपडी बांधली. तिच्यात स्वयंपाकघर नव्हतं, कारण शेजारीच खाणावळ होती आणि झोपडीतून तिथे जायला दार होतं. आपल्याला इतकं टोकाला जायची गरज नाही, पण कपडे धुणं-वाळवणं, सायकल, चपला, अवजारं यांना पाखं उतरवून बाहेर जागा देता येते. छप्पर असलेली ६० चौरस फुटांची ओसरी ही या प्रकारच्या घरात सगळ्यात स्वस्तात मिळणारी राहती जागा आहे. मी ती कधीही नकाशातून वगळणार नाही.

आखणी

आराखडा काढण्याआधी छेद काढा, म्हणजे घर उभं कापलं तर कसं दिसेल ते चित्र. छोट्या घरात जागेची चणचण आधी उंचीला जाणवते. जमिनीचा थर २० सेंटिमीटर, खाली उभं राहायला २०५, माळ्याची जाडी १२, माळ्यावर बसता यावं म्हणून १०५, छपराचा थर २०. बेरीज ३६२ सेंटिमीटर झाली. घर चाकांचं असेल आणि त्याच्याखालचा ट्रेलरचा सांगाडा जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला तर ४१२, म्हणजे युरोपची ४ मीटरची मर्यादा ओलांडली. मग कुठेतरी १२ सेंटिमीटर कापावे लागतात, आणि ते सहसा माळ्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून जातात. जमिनीवरच्या घरात ही ओढाताण बरीच सैल होते.

माळ्यावर रोज झोपण्याच्या मी विरोधात आहे. गरम हवा वर जाऊन तिथेच साचते, रात्री लघवीला उठलं की अंधारात उतरावं लागतं, ताप आला किंवा पाय मुरगळला की सगळी व्यवस्था कोलमडते. खाली पलंग बसवा आणि त्याच्याखाली फुटभर उंचीचे खण करा. माळा सामानाला आणि पाहुण्यांना ठेवा. माळ्यावर झोपायचंच असेल तर शिडी नको, जिना हवा. पायरीची उंची दुप्पट करून त्यात पायरीची खोली मिळवली की ६० ते ६३ सेंटिमीटर यावेत, हा जुना ठोकताळा इथेही चालतो. २२ सेंटिमीटर उंचीला १८ खोली घेतली तर ६२ येतात, जिना चढा होतो पण पाय बसतो. प्रत्येक पायरीखाली खण निघतो. माळ्यावरून बाहेर पडायला खिडकी हवीच. तिचा उघडा भाग किमान २० इंच रुंद, २४ इंच उंच आणि एकूण ५.७ चौरस फूट असावा, हे अमेरिकी संहितेतलं माप धरून चाला. दोन्ही बाजू किमानच ठेवल्या तर क्षेत्रफळ भरत नाही, तेव्हा एक बाजू वाढवावी लागते. आग खाली लागली तर जिना हीच धुराची वाट होते.

अंगाला लागणारी मापं लहान घरातही लहान होत नाहीत:

- ओटा ८५ ते ९० सेंटिमीटर उंच, ६० खोल.
- एका माणसाची वाट ७५ सेंटिमीटर, दोघांना ओलांडायचं तर ९०.
- संडासाच्या भांड्यासाठी ७५ रुंदी आणि पुढे ६० मोकळे.
- अंघोळीची जागा ८० बाय ८०.
- बैठक ४५ उंच, टेबल ७५ उंच.

ही मापं घेऊन मोकळ्या जमिनीवर किंवा गच्चीवर चिकटपट्टीनं पूर्ण आकाराचा नकाशा आखा. ओट्याच्या जागी खोकी रचा, पलंगाच्या जागी गादी टाका, दारं पुठ्ठ्याची करा. मग तिथे तासभर वावरा. फ्रीजचं दार उघडलं की न्हाणीघराचं अडतं, हे कागदावर दिसत नाही, इथे पहिल्याच फेरीत कळतं.

भिंती किती खातात याचाही अंदाज हवा. बाहेरून २० बाय १० म्हणजे २०० चौरस फूट, पण सहा इंचांच्या भिंतींनंतर आत १९ बाय ९, म्हणजे १७१. आणि लांबी-रुंदी चार फुटांच्या पटीत धरली तर कचरा कमी होतो, कारण प्लायची शीट ८ बाय ४ ची असते. २० फुटांच्या भिंतीला पाच उभ्या शीट लागतात. १० फुटांच्या भिंतीला अडीच, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींना मिळून पाच. आतले खांब १६ किंवा २४ इंचांवर ठेवले की शीटची कड बरोबर खांबावरच येते.

खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत घ्या, म्हणजे हवा आरपार जाते. एखादी झडप अगदी उंचावर ठेवा, तिथून गरम हवा स्वतःहून निघते. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून बसवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर येतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आणा. सगळे नळ त्या एका भिंतीत राहतात आणि गळती शोधायची जागाही एकच राहते.

वारा आणि वजन

लाकडी चौकटीचं छोटं घर हलकं असतं, आणि वाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण १०० किलोचा रेटा देतो. आपल्या घराची २० फुटी भिंत १० फूट उंच धरली तर क्षेत्रफळ १८ चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे आडवा रेटा सुमारे १,८०० किलो. शिवाय छपराला वर ओढणारा जोर वेगळाच. घर पाच टनांचं असेल तर हा हिशेब दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

म्हणून वासे भिंतीला, भिंत जमिनीच्या चौकटीला आणि चौकट पायाला अशी पोलादी पट्ट्यांची आणि बोल्टची साखळी कुठेही तुटता कामा नये. नुसते तिरपे ठोकलेले खिळे उपटून येतात. भिंतींना बाहेरून प्लाय ठोकली की चौकट कलत नाही, पण मोठी खिडकी अगदी कोपऱ्याला लावून घेतली तर हाच आधार जातो. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट भिंत सलग ठेवा. पाया स्क्रू पाइलचा (जमिनीत पिळून बसवलेल्या पोलादी खांबांचा) असो, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा असो की सलग जोत्याचा, त्यानं घर पेलायचं आणि खाली खेचूनही धरायचं. मातीचा प्रकार आणि वाऱ्याचा स्थानिक वेग पाहून हे एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. इतक्या लहान कामाला इंजिनिअर कशाला, असं वाटतं तिथेच घात होतो.

चाकांचं घर असेल तर प्रत्येक गोष्टीचं वजन आधी वहीत, मग घरात. १२ मिलिमीटर प्लाय चौरस मीटरला सात किलोच्या आसपास. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे चार-चार मिलिमीटरची दुहेरी काच २० किलो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. सांगाडा, भिंती आणि आतलं काम असे टप्पे संपले की दरवेळी घर वजनकाट्यावर न्या. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे जोडणीवर यावा, हा अमेरिकेत रुळलेला ठोकताळा आहे. मागच्या टोकाला जास्त वजन गेलं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो, आणि तो मग आवरत नाही.

सांगाडा

पाया सपाटीत आणि काटकोनात आला नाही तर पुढचं प्रत्येक काम दुप्पट होतं. गुण्या कोपऱ्यापुरता ठीक, पण एवढ्या मोठ्या चौकोनाला कर्ण मोजा. २० बाय १० चे दोन्ही कर्ण २२ फूट सव्वाचार इंचांच्या आसपास आणि एकमेकांशी तंतोतंत सारखे आले पाहिजेत.

जमिनीची चौकट मातीपासून किमान दीड फूट वर ठेवा, म्हणजे खाली वारा खेळतो आणि माणूस सरपटत जाऊन नळ बघू शकतो. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामधे ओल अडवणारी पट्टी घाला. आडव्या तुळयांमधे इन्सुलेशन भरण्याआधी खालच्या बाजूला बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर आधी राहायला येतात. वर १८ मिलिमीटरची प्लाय, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. नुसत्या खिळ्यांवर ती काही महिन्यांत करकरायला लागते.

भिंती जमिनीवर आडव्या ठेवून जुळवा, कर्ण मोजा, प्लाय ठोका आणि मग उभ्या करा. दार-खिडक्यांची भोकं चौकटीपेक्षा सगळ्या बाजूंनी एखाद-दीड सेंटिमीटर मोठी ठेवा आणि त्यांच्यावर भार पेलणारी आडवी तुळई घ्या. ओळंबा प्रत्येक कोपऱ्याला, दोन्ही दिशांनी लावा. औषध मुरवलेल्या लाकडात तांबं असतं आणि ते साध्या खिळ्यांना गंजवतं. तिथे गरम बुडवून जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरा.

छपराचा उतार शक्य तितका जास्त घ्या आणि वळचण भिंतीच्या बाहेर निदान फूटभर काढा. वळचण नसलेली, खोक्यासारखी घरं फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या भिंतींवर प्रत्येक पाऊस थेट आदळतो. वळचण हे भिंतीचं सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे.

भिंतीवर पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पडदा लावताना खालून वर जा, वरचा पट्टा नेहमी खालच्यावर चढवा. खिडकीचंही तसंच. आधी खालच्या कडेला जलरोधक पट्टी, ती दोन्ही बाजूंना वर वळवलेली. मग खिडकी, मग बाजूंच्या पट्ट्या, शेवटी वरची, आणि तिच्यावर पडद्याची कड. खिडकीच्या खालच्या फटीत सिलिकॉन भरू नका. कधी ना कधी आत पाणी शिरणारच आहे आणि त्याला बाहेर यायला तेवढीच वाट असते. बाहेरच्या फळ्या किंवा पत्रे थेट पडद्यावर ठोकू नका. मधे २० ते २५ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या मारून हवेची पोकळी ठेवा, वर-खाली उघडी, जाळी लावलेली. पावसाचं पाणी त्या पोकळीतून उतरून जातं, आणि उन्हाळ्यात तापलेली हवाही तिथूनच वर निघते.

ओल

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा. आपल्या घरात १७१ चौरस फूट जागा आणि सरासरी २.७ मीटर उंची, म्हणजे साधारण ४३ घनमीटर हवा. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. म्हणजे सगळ्या घरातली हवा मिळून सुमारे ७४० ग्रॅम. आर्द्रता ५० टक्के असेल तर त्यातले ३७० ग्रॅम आधीच भरलेले आहेत. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. दोन माणसं, आठ तास: ६४० ग्रॅम. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर पहाट व्हायच्या आत हवा भरून जाते आणि उरलेलं पाणी सगळ्यात गार पृष्ठभागावर उतरतं, म्हणजे काचेवर, लोखंडी खांबावर, गादीच्या खालच्या अंगाला. मोठ्या घरात हीच वाफ पाचपट हवेत विरून जाते, म्हणून तिथे कळत नाही. आणि हे झोपेपुरतं झालं. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात घरात येतं. वर अंघोळ, ओले टॉवेल, उकळणारी आमटी.

पहिला उपाय म्हणजे हवा बदलणं, तेही सतत. दर माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली तर दोघांना तासाला ५८ घनमीटर लागतात, म्हणजे पाऊण तासात सगळ्या घराची हवा बदलते. न्हाणीघरात सतत मंद चालणारा, आवाज न करणारा पंखा बसवा आणि ताजी हवा आत यायला झोपायच्या जागेजवळ झडप ठेवा. ओट्यावरचा धुराडा हवा बाहेरच फेकणारा असावा, गाळून आत सोडणारा चालत नाही. थंड प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र मिळतं, तिथे ते पैसे वसूल करतं.

दुसरा उपाय भिंतीत. वाफ उबदार, दमट बाजूकडून गार, कोरड्या बाजूकडे सरकते. म्हणून थंड प्रदेशात वाफ अडवणारा पडदा इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला लागतो. उष्ण आणि दमट हवेत, आत एसी चालत असेल तर, तो आत लावणं घातक ठरतं, कारण बाहेरून येणारी वाफ त्या गार पडद्यावर येऊन साचते. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर ऋतूप्रमाणे वाफ कमी-जास्त सोडणारे पडदे मिळतात, ते घ्या. कुठल्याही हवामानात भिंतीला निदान एका बाजूनं वाळता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलेली भिंत ओल कोंडून ठेवते.

तिसरी गोष्ट लोखंडाची. पोलादी चौकट सरळ येते आणि तिला वाळवी लागत नाही, पण पोलाद लाकडाच्या सुमारे ४०० पट उष्णता वाहून नेतं. खांबांच्या मधे कितीही रॉकवूल (दगडापासून केलेली इन्सुलेशनची लोकर) भरा, खांबातून ऊब निघून जाते आणि आत प्रत्येक खांबाच्या रेषेवर ओल आणि बुरशीचा पट्टा उठतो. पोलादी सांगाडा किंवा जुना कंटेनर वापरत असाल तर बाहेरून सलग इन्सुलेशनचा थर देण्याला पर्याय नाही. जाडीची चणचण असेल तर १० सेंटिमीटर रॉकवूलचं काम सहा-साडेसहा सेंटिमीटर पीआयआर फोम, म्हणजे प्लास्टिकचा कडक फोम, करतो. पण भिंत आगीत कशी वागेल आणि आवाज किती अडवेल हे बघता, जागा असेल तिथे मी रॉकवूलच निवडतो. उन्हाळा कडक असेल तर इन्सुलेशनचा मोठा वाटा छपराला द्या.

आणि ओलं लाकूड भिंतीत बंद करू नका. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा १८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत आतलं अस्तर ठोकायची घाई नको.

पाणी, वीज, आग

सांडपाण्याच्या नळाला ५० सेंटिमीटरमागे एक सेंटिमीटर उतार, प्रत्येक निचऱ्याखाली पाच सेंटिमीटर पाण्याची सील, आणि छपरावर जाणारा हवेचा नळ. हवेचा नळ नसला तर एक बेसिन रिकामं होताना दुसऱ्याची सील ओढून नेतं आणि घरभर वास सुटतो. भिंती झाकण्याआधी नळांत दाब भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर गळती शोधा. मैलापाण्याची सोय नसेल तिथे खतसंडास चालतो, अट एवढीच की मूत्र वेगळं जाईल असं भांडं घ्यायचं आणि टाकीतून हवा बाहेर ओढणारा छोटा पंखा चोवीस तास चालू ठेवायचा. वासाचं मूळ दोन्ही एकत्र होण्यात असतं.

विजेचा हिशेब सौर पॅनलपासून नको, वापरापासून करा. छोटा फ्रीज दिवसाला ६०० वॉट-तास, ३० वॉटचा पंखा दहा तास ३००, पाच दिवे पाच तास १५०, लॅपटॉप ३००, पंप आणि फोन १००. एकूण १,४५०. पॅनलवर दिवसाला चार तासांचं पूर्ण ऊन आणि २५ टक्के तूट धरली तर किमान ४८० वॉटचे पॅनल लागतात, ढगाळ दिवसांसाठी ७०० ते ८०० घ्या. दोन दिवसांची साठवण हवी आणि बॅटरीतली ८० टक्केच वापरायची, तर ३.६ युनिटची लिथियम बॅटरी. यात गिझर नाही. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट लागतं, म्हणजे एक बादली गरम पाणी आणि फ्रीजचा अख्खा दिवस सारखेच. पाणी तापवायला सौर बंब किंवा गॅस ठेवा, वीज त्यावर उधळू नका.

गॅसची टाकी घराबाहेर, बंद दाराच्या पण खाली उघड्या जाळीच्या कपाटात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून आतही ओट्याजवळ जमिनीच्या पातळीला जाळी हवी. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नका. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रं झोपायच्या जागेजवळ, आग विझवायचं नळकांडं दाराजवळ. ओटा दाराला लागून ठेवला तर आगीच्या वेळी बाहेर पडायची वाटच पेटते. तो आतल्या बाजूला घ्या, किंवा दुसरं दार काढा.

भिंती झाकताना आणि नंतर

इन्सुलेशन भरण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, वायर आणि नळ कुठून गेलेत ते मापासकट दिसलं पाहिजे. पुढे फळी ठोकताना कुठे स्क्रू मारायचा नाही हे त्यातूनच कळतं. कपाटं, टांगते खण, घडीचं टेबल जिथे येणार तिथे अस्तरामागे आडवी १८ मिलिमीटरची प्लाय आधीच बसवा. आठ मिलिमीटरच्या लाकडी अस्तरात भार पेलायची ताकद नसते.

कायमचं फर्निचर मात्र सगळं एकदम करू नका. ओटा, न्हाणीघर आणि पलंग पक्के करा, बाकी जागेत आधी सुटं सामान ठेवून एक ऋतू राहा. ऊन कुठे येतं, दुपारी कुठे बसावंसं वाटतं, पावसात चपला कुठे साठतात हे कळल्यावर सुताराला बोलवा. त्याच ऋतूत पहिल्या मोठ्या पावसानंतर घराखाली जाऊन जमिनीची चौकट बघा, खिडक्यांच्या खालच्या कडांना ओलीचं यंत्र लावा, आणि पलंगाची गादी उचलून खालचा भाग हातानं चाचपा. गादीखाली फळ्यांची मोकळी जाळी नसेल तर ओल पहिल्यांदा तिथेच लागते.